कोथरूड ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर आणि वेळ



ह्या व्याख्यानमालेत यंदा कोणत्या विषयावर बोलणार, असे चालकांनी मला विचारले, तेव्हा माझा विषय आधीच ठरलेला होता. तो माझ्या शेजारच्या काकूंनी ठरवून दिला होता. मी भूगोल शिकविण्यात आयुष्य घालविलेला मनुष्य. काकूंनी मला जो प्रश्न विचारला, तो भूगोलाचाच होता. पण त्याचे उत्तर मला उभ्याउभ्या देता आले नाही. ते आज सविस्तर देण्याचा प्रयत्न करतो.

हकीकत अशी. जानेवारी महिन्यातल्या एका बुधवारी पहाटे काका गेले. सकाळी सहा वाजता सॅन फ्रान्सिस्कोला मुलाला फोन गेला. थोड्या वेळाने त्याचा निरोप आला : ‘बुधवारी दुपारी चारला निघतो. सोळा तासांचे विमान, मग आखातात बदलून मुंबई.’ घरातल्या वडीलधाऱ्यांनी बोटांवर हिशेब केला. आज बुधवारच आहे. चारला निघाला, सोळा तास, वर आणखी थोडे. म्हणजे गुरुवारी दुपारी तो कोथरूडला येतो. त्याप्रमाणे नातेवाइकांना कळविले. गुरुवारी दुपारी बारा वाजता सगळे जमले. दोन वाजले, चार वाजले. विमानातल्या मुलाशी बोलणे होईना. अखेर संध्याकाळी पुतण्याने अग्नी दिला. मुलगा दारात आला तो शुक्रवारी सकाळी नऊ वाजता.

पुढे महिनाभराने काकूंनी मला विचारले, “सर, सोळा तासांचेच अंतर ना? मग दोन दिवस कुठे गेले?”

त्या दोन दिवसांचा शोध हाच आजचा विषय. कोथरूडमध्ये असे घर विरळा की ज्यातले कोणी ना कोणी समुद्रापलीकडे नाही. तेव्हा हा हिशेब एका काकूंपुरता नाही.

प्रथम अंतर पाहू. आपल्या मनात जगाचा जो नकाशा असतो, तो शाळेच्या भिंतीवरचा. त्यात हिंदुस्थान मध्ये, डावीकडे अरबस्तान, युरोप, अटलांटिक महासागर आणि अगदी डाव्या कडेला अमेरिका. म्हणून अमेरिका पश्चिमेला, असे आपण धरून चालतो. पण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. घरी पृथ्वीगोल नसेल तर एक मोसंबे घ्या. देठाची जागा उत्तर ध्रुव समजा. देठ आणि मधला फुगवटा ह्यांच्या दरम्यान, फुगवट्याच्या जवळ एक टाचणी खोचा, ते पुणे. मोसंबे जवळजवळ अर्धे फिरवून पलीकडच्या बाजूला, देठाच्या थोडी अधिक जवळ दुसरी टाचणी खोचा. ते सॅन फ्रान्सिस्को. आता दोन्ही टाचण्यांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा फुगवट्यावरून जात नाही. तो देठाच्या बाजूने जातो. गोलावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता तो हाच. गणितात त्याला बृहद्‌वृत्ताचा कंस म्हणतात.

हा दोरा खऱ्या पृथ्वीवर ठेवला तर काय दिसते? मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारा जवळचा मार्ग पश्चिमेला निघतच नाही. तो जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकून निघतो. काश्मीर-लडाखच्या डोंगरांवरून मध्य आशिया, तेथून सैबेरिया, मग उत्तर ध्रुवसागर, अलास्का आणि कॅनडाचा पश्चिम किनारा असा तो सॅन फ्रान्सिस्कोला उतरतो. लांबी सुमारे १३,५०० किलोमीटर. तेव्हा आपल्या कॅलिफोर्नियातल्या नातवाची दिशा पाहावयाची असेल, तर अरबी समुद्राकडे तोंड करू नका, ध्रुवताऱ्याकडे पाहा.

आणखी एक गंमत पाहा. मुंबईहून न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को ही अमेरिकेची दोन टोके. त्यांच्यात चार हजारांहून अधिक किलोमीटरांचे अंतर. तरीही आपल्यापासून दुसरे टोक पहिल्याहून फक्त हजारभर किलोमीटर लांब. भिंतीवरच्या नकाशाने हे कधीच कळले नसते. लंडनमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यास अंतर सुमारे १५,८०० किलोमीटर होते. आखातातल्या दुबईमार्गे ते १५,००० च्या आसपास राहते. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे पृथ्वीवर कोणतेही ठिकाण आपल्यापासून २०,००० किलोमीटरांपेक्षा दूर असूच शकत नाही. त्या मानाने आपली मुले दोन-तृतीयांश अंतरावर आहेत.

आता हे अंतर तोडावयास किती वेळ लागतो? ह्याच पुण्यात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोचल्या. अठ्ठावन्न दिवस लागले. त्या काळी घरच्यांनी पत्र धाडावे आणि उत्तराची महिनोन्‌महिने वाट पाहावी. विमानांचे युग आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ ला सुरू झाले. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला उतरले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले. १४ मे १९६० रोजी बोईंग ७०७ ह्या जेट विमानाने मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कची वाहतूक सुरू झाली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला कोठेही न थांबणारी सेवा निघाली. तिला साधारण सोळा तास लागत.

ह्या इतिहासात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. १९६० चे जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाई. आजचे विमानही ताशी सुमारे ९०० किलोमीटरच जाते. साठ वर्षांत वेग वाढलेला नाही. कारण अकरा-बारा किलोमीटर उंचीवरील थंड हवेत आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, आणि त्याच्या फार जवळ गेले की हवेचा विरोध एकदम वाढतो व इंधन भसाभस जळू लागते. ‘कॉन्कॉर्ड’ विमानाने ही मर्यादा ओलांडली; पण १९७६ ते २००३ एवढाच काळ प्रवासी वाहून ते थांबले. मग साठ वर्षांत सुधारले काय? सुधारली ती विमानाची दमछाक. पूर्वी मध्ये उतरून तेल घ्यावे लागे. आता ते घेतल्यावाचून जाता येते. इतक्या लांब जाणारे विमान सुटताना साडेतीनशे टनांच्या आसपास वजनाचे असू शकते, आणि त्यातले दीडशे टनांच्या जवळपास नुसते इंधन असते. ही विमाने पोटात माणसांपेक्षा तेलच अधिक घेऊन उडतात. लांबच्या प्रवासाचा वेळ कमी झाला तो थांबे गळल्यामुळे. हे ध्यानात ठेवा, कारण थांबा पुन्हा आला की वेळही पुन्हा वाढतो.

येथे कोणी विचारील की, ९०० ने १३,५०० ला भागले तर पंधरा तास येतात. मग जाण्यास एक वेळ आणि येण्यास दुसरी असे का? ह्याचे उत्तर वाऱ्यात आहे. आपल्या उत्तर गोलार्धात नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. हवामानशास्त्रात त्यांना झोतवारे म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो. नदीच्या प्रवाहाबरोबर जाणारी होडी आणि प्रवाहाविरुद्ध जाणारी होडी, तसाच हा प्रकार. म्हणून मुंबईहून लंडनला जाण्यापेक्षा लंडनहून मुंबईला येण्यास साधारण तासभर कमी लागतो.

वाऱ्यासाठी लांबचा रस्तासुद्धा परवडतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. हा मार्ग पूर्वीच्यापेक्षा सुमारे १,४०० किलोमीटर लांब, एकूण १५,३०० किलोमीटर. तरीही वारा पाठीशी असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा दोन तास आधी पोचले. लांबचा रस्ता लौकर पोचविणारा निघाला! जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला आलेले पहिले थेट विमान कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून आणले. त्यांनी आपल्या मोसंब्याच्या देठावरचाच रस्ता धरला होता.

ह्यावरून लहानपणचा एक प्रश्न आठवतो. तो मला वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान नुसते वर जाऊन स्थिर राहिले, तर खालून अमेरिका आपोआप येणार नाही काय? येणार नाही. पुण्याची जमीन ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने पूर्वेला चालली आहे. पण तिच्यावरची हवा, हवेतले विमान, झाडावरचा पक्षी हे सारेच त्या वेगाने तिच्याबरोबर चालले आहेत. चालत्या डेक्कन क्वीनमध्ये उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, तसेच हे.

वाऱ्याखेरीज दुसरी अडचण माणसांची. आकाशाला कुंपण नसते असे आपण म्हणतो. पण विमानांना ते असते. प्रत्येक देशावरचे आकाश त्या देशाचे असते आणि त्यातून जावयास परवानगी लागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैच्या मध्यापर्यंत. पुन्हा २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना ते बंद झाले. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणाऱ्या विमानाला कोलकात्याला थांबा घ्यावा लागला. पृथ्वीगोलावरचे अंतर तसूभर बदलले नव्हते. पण घरी येण्याची वेळ तासांनी वाढली. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाने उतरण्याजोग्या विमानतळापासून ठराविक वेळेपेक्षा दूर जाऊ नये, असाही नियम असतो. तो किती शहाणपणाचा, हे ६ जून २०२३ रोजी दिसले. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानाच्या इंजिनात बिघाड झाला, तेव्हा ते रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान येथे सुखरूप उतरले. २१६ प्रवासी दुसऱ्या विमानाने ८ जूनला पोचले. सोळा तासांच्या रस्त्याला दोन दिवस लागले. पण माणसे सुखरूप पोचली, हे महत्त्वाचे.

आता घड्याळाकडे वळू, कारण काकूंच्या घरचा हिशेब येथेच चुकला. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. आपल्या जुन्या मापाने घटकेला सहा अंश. जितके पूर्वेला जावे तितका सूर्य आधी उगवतो. भारताचे प्रमाणवेळेचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे. कोथरूड त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांच्या आत आहे. म्हणून आपल्या डोक्यावर सूर्य सरासरीने बारा वाजून पस्तीस मिनिटांनी येतो. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबई शहराने आपली एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. घड्याळ म्हणजे सूर्य नव्हे. घड्याळ हा माणसांनी सोयीसाठी केलेला करार आहे.

ह्या कराराप्रमाणे सॅन फ्रान्सिस्को आपल्या मागे आहे : हिवाळ्यात साडेतेरा तास, उन्हाळ्यात साडेबारा. कारण तेथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासाने पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. सोपी युक्ती सांगतो. तिकडची वेळ घ्या. दुपारची असेल तर तोच आकडा पुढच्या तारखेच्या पहाटेचा धरा. सकाळची असेल तर त्याच दिवशीच्या संध्याकाळचा धरा. मग त्यात हिवाळ्यात दीड तास, उन्हाळ्यात अर्धा तास मिळवा. ती आपली वेळ.

ह्या घड्याळांच्या लबाडीने मौज होते. समजा, विमान मुंबईहून दुपारी दोनला सुटले आणि सोळा तासांत पोचले. तेव्हा येथे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे सहा वाजलेले असतात. पण तिकडे हिवाळ्यात त्याच दिवशीचे दुपारचे साडेचार. घड्याळावर विश्वास ठेवला तर प्रवास अडीच तासांचा! परत येताना हे सगळे व्याजासह फेडावे लागते. संध्याकाळी सहाला निघालेला माणूस तेवढ्याच सोळा तासांत मुंबईला उतरतो, तेव्हा येथे तिसऱ्या तारखेचा प्रारंभ होण्यास अर्धा तास उरलेला असतो.

आपल्या शेजारच्या हिंगण्याचे महर्षी कर्वे मार्च १९२९ मध्ये सत्तरी ओलांडल्यावर परदेशी निघाले, ते इंग्लंड, युरोप, अमेरिका, जपान असे पश्चिमेपश्चिमेने पृथ्वीप्रदक्षिणा करून एप्रिल १९३० मध्ये परतले. पश्चिमेला जाणाऱ्याचा दिवस रोज थोडा लांबतो. म्हणून अशा प्रदक्षिणेत प्रवाशाचे सूर्योदय घरी राहिलेल्यांपेक्षा एकाने कमी भरतात. पॅसिफिकमधल्या वाररेषेवर हा दिवस कॅलेंडरातून गाळावा लागतो. आयुष्य मात्र एका क्षणानेही कमी होत नाही.

आता काकूंच्या प्रश्नाचा ताळेबंद मांडू. आपला बुधवार सकाळी सहा म्हणजे तिकडचा मंगळवार दुपारी साडेचार. फोन मंगळवारी पोचला! मुलाने ‘बुधवारी दुपारी चार’ म्हटले ते तिकडचे. आपल्याकडे तेव्हा गुरुवारची पहाट, साडेपाच. येथे गुरुवारी दुपारी बाराला मंडळी जमली, तेव्हा त्याला निघून जेमतेम साडेसहा तास झाले होते आणि तो उत्तर ध्रुवाच्या आसपास कोठेतरी आकाशात होता.

फोनपासून दारापर्यंत एकूण ५१ तास लागले. ते असे गेले : विमान सुटेपर्यंत साडेतेवीस, पहिले विमान सोळा, आखातातल्या विमानतळावर साडेतीन, दुसरे विमान तीन, मुंबईला तपासणी आणि सामान एक, आणि मुंबईहून द्रुतगती मार्गाने, खंडाळ्याचा घाट चढून कोथरूडपर्यंत चार. बेरीज करून पाहा. आकाशातले तास एकोणीस, जमिनीवरचे बत्तीस. काकूंचे दोन दिवस बहुतांशी जमिनीवर गेले, आणि त्यातही सर्वांत मोठा तुकडा पुढच्या विमानाची वाट पाहण्याचा. विमान वेगवान असते. पण ते आपल्या दुःखासाठी लौकर सुटत नाही.

मुलाने काही चूक केली नव्हती, आणि वडीलधाऱ्यांनी बेरीजही चुकविली नव्हती. दोघांनी एकच शब्द वापरला, ‘बुधवार’. आणि दोघांचे बुधवार निराळे होते.

म्हणून शेवटी व्यवहाराचे चार शब्द. मुलाबाळांशी वेळ ठरविताना ‘आमची’ की ‘तुमची’ हे प्रत्येक वेळी उच्चारावे. आणि कधी निघणार हे विचारण्याऐवजी ‘आमच्या घड्याळाने कोणत्या वारी, किती वाजता दारात येशील’ हे विचारावे. थेट विमान लगेच मिळाले तरी घरापासून घरापर्यंत एक दिवसाहून अधिक धरावा; एक बदल असेल आणि विमान चुकले असेल, तर दोन दिवस धरावे. मुलांनी आपले पासपोर्ट आणि परतीची कागदपत्रे चालू ठेवावीत. कारण कागदाने अडलेला माणूस वाऱ्याने अडलेल्यापेक्षा अधिक अडतो. आणि घरात कोणी अत्यवस्थ असेल, तर ‘उगाच त्याला कशाला काळजी’ म्हणून फोन लांबवू नये. त्या ५१ तासांतले विमानाचे तास आपल्या हातचे नाहीत. पण आधी कळविलेला एक दिवस आपल्या हातचा आहे.

हा हिशेब मी कागदावर मांडून काकूंना दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “म्हणजे आम्ही थांबलो असतो, तर एका रात्रीचाच प्रश्न होता.” मी होय म्हटले. त्यांनी कागदाची घडी करून ती काकांच्या तसबिरीमागे ठेवली. नंतर मला म्हणाल्या, “हे इतरांनाही सांगा.”

ते आज आपणांस सांगितले.